आपापल्या चालीनं शिकणं

(आंबागड येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणासाठी तुम्ही ही व्याख्यानमाला चालवता, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार तुमचा आहे. तुम्ही त्यांना पाहिलं, त्यांच्या हाताखाली शिकलात. मी बाहेरचा माणूस. त्यामुळे त्यांना नमस्कार करून थेट विषयाकडे वळतो.

वरचा आंबागडचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजाखान पठाण यानं सन १७०० च्या सुमारास बांधला, हे इथं कुणाला सांगायला नको. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा तुरुंग झाला. कैद्यांना आतल्या विहिरीचं नासकं पाणी प्यायला लावत आणि त्यातच ते दगावत, अशी आठवण जुन्या गॅझेटियरमध्येही सापडते. अशा किल्ल्याच्या पायथ्याशी मला विषय दिलाय तो आपल्या मर्जीनं, आपल्या चालीनं लिहिण्या-शिकण्याचा. संयोजकांनी मुद्दाम केलं असेल असं नाही, पण जुळून छान आलंय. कारण मराठीतली किती मोठी पुस्तकं तुरुंगात लिहिली गेली ते पाहा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांत, पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. त्याच गुरुजींनी पुढच्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तीही पाच दिवसांत.

हे ऐकलं की आपल्यातला एखादा म्हणतो, ‘बघा, वेळ मिळाला की माणूस लिहितो. आम्हाला वेळच कुठं मिळतो!’ म्हणजे सरकारनं आपल्याला आत टाकायची सोय करावी, एवढंच काय ते बाकी.

पण ‘गीतारहस्या’ची प्रस्तावना वाचा. टिळक तिथं सांगतात की वडिलांच्या शेवटच्या आजारपणात, १८७२ साली, गीतेवरची एक प्राकृत टीका त्यांना वाचून दाखवायचं काम आपल्याकडे आलं आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसला. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. म्हणजे हिशेब असा, की लिहिणं चार-पाच महिन्यांचं आणि त्यामागचं वाचणं, घोळवणं अडतीस वर्षांचं. मधल्या काळात त्यांनी दोन वर्तमानपत्रं चालवली, खटले अंगावर घेतले, काँग्रेस गाजवली. गीतेच्या अभ्यासासाठी कुणी त्यांना रजा दिली नव्हती. तुरुंगानं त्यांना टेबल दिलं एवढंच म्हणता येईल. माल त्यांनी बाहेरून नेला होता.

आज मला बोलायचं आहे ते ह्या मालाबद्दल. संसार, शेती, नोकरी चालू असताना तो कसा गोळा होतो? त्याचं आपल्याकडचं, अगदी आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण म्हणजे मारुती चितमपल्ली. वनखात्याच्या नोकरीत ते जिथं राहिले ते नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात आहे. पण १ मे १९९९ पर्यंत गोंदिया आपल्या भंडाऱ्यातच होतं, तेव्हा चितमपल्लींवर आपला हक्क आहे असं मी समजतो.

चितमपल्ली जन्मले सोलापुरात, ५ नोव्हेंबर १९३२ रोजी. मातृभाषा तेलुगू. कॉलेज करून कोइमतूरला वनखात्याचं शिक्षण घेतलं आणि सरकारी नोकरीत शिरले. जंगलखात्याची नोकरी म्हणजे झाडाखाली बसून पाखरं पाहणं, असा बाहेरच्यांचा समज असतो. इथं बसलेल्यांचा नसणार. तुम्ही कूप पाहिले आहेत, तेंदूचे फड पाहिले आहेत, रेंजरला दिवसभर कोण कोण घेरून असतं तेही पाहिलं आहे. वणवा, चोरतोड, रोपवन, पंचनामे, वरिष्ठांचे दौरे. त्यात बदल्या. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा जागी ह्या माणसाची छत्तीस वर्षांची नोकरी झाली, आणि १९९० मध्ये ते निवृत्त झाले.

या नोकरीच्या पोटात त्यांनी दुसरी शाळा काढली होती. तिथला विद्यार्थी एकच, तेच स्वतः. मास्तर मात्र पुष्कळ. संस्कृत ते जुन्या पद्धतीनं, शास्त्रीपंडितांकडे बसून शिकले. कशासाठी? जुन्या ग्रंथांत पाखरांची, झाडांची जी नावं येतात ती कुठल्या पाखराची, कुठल्या झाडाची, हे ठरवता यावं म्हणून. परदेशी भाषांचाही त्यांनी नाद केला. आणि दुसरीकडे त्यांचे मास्तर होते नवेगावच्या तलावावरचे ढिवर, रानातले गोंड, आणि गावचे माधवराव पाटील. माधवरावांची ओळख चितमपल्लींच्या पुस्तकांतून आपल्या सगळ्यांना आहे. कुठला मासा कुठल्या महिन्यात कुठं अंडी घालतो, कुठलं पाखरू कुठल्या वाऱ्यानं येतं, हे ज्ञान त्या काळी कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. ते तळ्याच्या पाळीवर, डोंग्यात, शेकोटीपाशी मिळत होतं. अधिकाऱ्यानं खुर्ची सोडून तिथं जाऊन बसायचं आणि ऐकायचं, एवढी त्याची फी.

मला त्यांच्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली वाटते सांगू? त्यांची नोंदवही. ऐकलं ते लिहिलं, पाहिलं ते लिहिलं. त्यातून पुस्तक होईल का, कुणी छापेल का, याचा त्या वेळी पत्ता नव्हता. ‘पक्षी जाय दिगंतरा’ आलं तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या आसपास होतं. आजच्या हिशेबानं फारच उशीर. आज पंचविशीत पहिलं पुस्तक आलं नाही तर मुलं उदास होतात, आणि आईबापही. त्यानंतर ‘जंगलाचं देणं’ आलं, ‘रानवाटा’ आलं. निवृत्तीनंतर ‘पक्षिकोश’, मग प्राण्यांचा कोश, झाडांचा कोश. २००६ साली सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

‘रिटायर झाल्यावर लिहीन’ म्हणणाऱ्यांनी ह्या क्रमाकडे नीट बघावं, अशी माझी विनंती आहे. इथंही असे दोन-चार सरकारी नोकर बसले असतील. बिनपगारी सल्ला आहे, घ्यायचा तर घ्या. कोश निवृत्तीनंतर झाले, कारण नोंदी नोकरीत असताना झाल्या होत्या. साठीला सरकार माणसाला वेळ परत देतं. पण चाळिसाव्या वर्षी तळ्यावर ढिवरानं सांगितलेलं नाव साठाव्या वर्षी आठवायला बसलात तर आठवत नाही, आणि तो ढिवरही तोवर राहिलेला नसतो.

असंच एक उदाहरण कोकणातलं. पांडुरंग वामन काणे मुंबईच्या हायकोर्टात वकिली करत. ‘व्यवहारमयूख’ नावाच्या जुन्या ग्रंथाची त्यांनी आवृत्ती काढली, १९२६ मध्ये. तिला जोडायला धर्मशास्त्राचा थोडा इतिहास लिहावा, असा त्यांचा बेत होता. तो थोडा इतिहास काही आटपेना. मग त्याचं वेगळं पुस्तक करायचं ठरलं. पहिला खंड निघाला १९३० साली, शेवटचा १९६२ साली, तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं. पुढच्याच वर्षी भारतरत्न मिळालं. वकिली करणाऱ्या माणसाचा हा जोडउद्योग आहे, हे ध्यानात घ्या. कामाचा आवाका आधीच दिसला असता तर त्यांनी ते हातात घेतलं असतं का, कोण जाणे. मला वाटतं, न दिसलेलंच बरं झालं.

‘आपल्या चालीनं’ म्हणताना आपण बहुतेक वेळा ‘सावकाश’ असं म्हणत असतो, आणि सावकाश म्हणजे हळूहळू ‘कधीच नाही’. ह्यात फसवणूक आहे. चितमपल्लींची चाल काय त्यांच्या मनाला येईल तशी होती? पाखरांची वीण पावसाळ्यात असेल तर पावसात भिजावं लागतं. रातपाखरं बघायची तर जागावं लागतं. चाल त्या विषयाचीच असते, आपण फक्त तिच्याशी पाऊल जुळवायचं. हे सलीम अली यांच्या एका कामात फार स्वच्छ दिसतं. मुंबईच्या संग्रहालयातल्या नोकरीतून रजा घेऊन ते जर्मनीत शिकायला गेले, परत आले तर नोकरीची जागाच उरली नव्हती. १९३० साल. हाताशी काम नाही. मग अलिबागजवळ किहीमला बायकोच्या माहेरच्या घरी जाऊन राहिले. तिथं सुगरणींची वसाहत होती. शिडी लावून, आडोसा करून हा बेकार माणूस पावसाळाभर तिच्यासमोर बसला. त्यातून कळलं ते असं, की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन बघतात, एखादीला पसंत पडला की ती आत राहते, आणि नर लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. खोपे आपल्या लोकांनी शतकानुशतकं पाहिले होते, ओव्याही रचल्या होत्या. पण शेवटपर्यंत बसून कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी तो अभ्यास छापून आला. नोकरी असती तर ते किहीमला पावसाळाभर बसलेच नसते.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला विषयाच्या चालीशी पाऊल जुळवणं काही नव्यानं शिकवावं लागत नाही. आपलं सगळं वर्षच तसं बांधलेलं आहे. मृगात पेरणी, मग परहे, रोवणा, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणं. माघ-फाल्गुन सरता सरता मोह, वैशाखात तेंदू. आणि ह्या सगळ्यातल्या फटीत, धान हाती आलं की, भाऊबिजेपासून मंडईच्या जत्रा. मंडईत दंडार, खडी गंमत. तिकडे वडसा, गडचिरोली, चंद्रपूरकडे रात्रभर चालणारी नाटकं. दंडारीत नाचणारा, नाटकात राजा होणारा, पेटी वाजवणारा, हे सगळे महिन्याभरापूर्वी चिखलात उभे होते. कुठल्या नाट्यशाळेत ते गेले? आजा करायचा, बापानं बघितलं, पोरानं उचललं. एका हंगामात एक सोंग नीट बसलं तरी पुष्कळ, दुसरं पुढल्या वर्षी. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी विचारलं, हे झाडीपट्टी म्हणजे कुठं आलं? असो. त्यांना विचारू द्या.

ह्यातली एक गोष्ट मला खटकते, ती सांगून टाकतो, तुम्हाला पटो न पटो. नाटकाचा हंगाम वाढला, कंपन्या झाल्या, तिकीट आलं, त्यातून शेकडो घरं चालतात. उत्तम आहे, कलेनं पोट भरावं, त्यात कमीपणा नाही. पण धंदा झाला की चाल तारखांच्या हातात जाते. एका रात्री इथं, दुसऱ्या रात्री पन्नास कोसांवर. मग नवीन शिकायला फट उरत नाही, आलेलं तेच वाजत राहतं. त्यामानानं गावच्या दंडारीला कुणी विचारत नाही, म्हणून तिला अजून चुकायची मोकळीक आहे. पोरगं अडखळलं तर लोक हसतात आणि पुढच्या वर्षी परत बघायला येतात. छंदाला पैशाची जोड मिळावी, असं मला सगळे सांगतात. मी म्हणतो, एखादा तरी छंद असा ठेवा, ज्यावर कुणाचा सौदा चालत नाही.

आणि बक्षिसांचंही तेच. शाळेत निबंध स्पर्धा, चित्रकला स्पर्धा, हस्ताक्षर स्पर्धा. प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर. पोरगी चित्र काढते, दुसऱ्या दिवशी आई विचारते, ‘नंबर आला का?’ तिसऱ्या वर्षी पोरगी चित्र काढायची थांबते. चित्र वाईट झालं म्हणून थांबत नाही, नंबर आला नाही म्हणून थांबते. फोनवर टाकलेल्या कवितेला किती अंगठे आले, हा त्याच स्पर्धेचा नवा अवतार.

आतापर्यंत मी सांगितलेली नावं सगळी पुरुषांची आहेत. मघापासून समोरच्या रांगेतल्या बाया माझ्याकडे बघत आहेत, त्यामुळे मला ते जाणवतंय. नवेगावच्या तळ्यावर रात्रभर जाऊन बसणं बाईला शक्य होतं का? पावसाळाभर किहीमला? आपल्या भागात कित्येक घरांत बाया दुपारभर बिड्या वळतात, सकाळी बांधीत, संध्याकाळी चुलीपाशी. त्यांना ‘स्वतःची चाल’ म्हणणं म्हणजे चेष्टा वाटेल. ह्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. एवढं मात्र खरं, की ज्यांना वेळ नव्हता त्यांनी हाताचं काम चालू ठेवून तोंडानं काम केलं. खानदेशात बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत राहिल्या आणि घरातल्यांनी ती टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, पुस्तक १९५२ साली आलं. आपण त्यांच्या प्रतिभेचं कौतुक करतो, ते योग्यच. पण टिपणाऱ्याचं कौतुक विसरतो. कुणाच्या तरी आईच्या तोंडून रोज काहीतरी निघत असतं, आणि घरातला शिकलेला मुलगा त्या वेळी फोनमध्ये डोकं घालून बसलेला असतो. त्याच फोनमध्ये आवाज टिपायची सोय आहे, आणि मराठीत बोललेलं आपोआप लिहून देण्याचीही आहे.

शिकायची म्हणाल तर दारं पूर्वीपेक्षा जास्त उघडी आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं ते ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठीच. शेत, घर, नोकरी न सोडता शिकता येतं. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश आता फोनवर फुकट वाचता येतो. खुद्द तर्कतीर्थांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, ते वाईच्या पाठशाळेत घडले. चिखल्याच्या किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत पाळी करणारा माणूस रात्रपाळीनंतर दुपारी एक नोंद वाचेल, तर वर्षभरात त्याची बरीच वाट चालून होईल. आणि नाही वाचली एखाद्या दिवशी, तर कुणी हजेरी घेणार नाही. हजेरी नाही, हीच ह्या शाळेची सोय आणि हाच तिचा धोकाही. मी बघितलंय, बहुतेकांचं काम बंद पडतं ते पहिला खंड पडल्यावर. चार दिवस चुकतात, मग लाज वाटते, मग वहीच कपाटात जाते. रोवण्यात पंधरा दिवस वही उघडली नाही तर नाही. रोवणा संपला की तारीख घालून पुढचं लिहा. मधली पानं कोरी सोडायची गरज नाही आणि खुलासा लिहायचीही नाही.

विषय कुठला घ्यायचा, असं मला मघाशी एका मुलीनं विचारलं. तिला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो. विषय मोठा घेऊ नकोस. ह्या किल्ल्याबद्दल छापील पुस्तकांत सगळं मिळून जेमतेम पानभर मजकूर आहे. सुभेदार, तुरुंग, विहीर, मग इंग्रज. संपलं. किल्ल्यावर कुठल्या वाटेनं जातात, त्या वाटांना गावात काय म्हणतात, वर कुठल्या महिन्यात काय फुलतं, गुरं कुठवर चरायला जात, तुझ्या आजीच्या लहानपणी तिथं कोण जायला घाबरायचं आणि कशाला, ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही. तसंच तळ्या-बोड्यांचं. भंडारा तलावांचा जिल्हा म्हणून सगळे सांगतात. कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, नवेगावचा कोलू पाटील कोहळी यानं, हेही सांगतात. पण आपल्या गावच्या बोडीची पाळ कुणी घातली, पाणी आधी कुणाच्या बांधीत जायचं, त्यावरून भांडण झालं तर कोण तोडायचं, हे सांगणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

आणि दंडार. येत्या मंडईत ज्या म्हाताऱ्याला जुन्या चाली येतात त्याच्याजवळ बसा, पण रात्री नाही, तेव्हा तो गाण्यात असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जा. फोन चालू करण्याआधी त्याला विचारा. गाणं जसं म्हटलं तसं उतरवा, आपल्या बोलीत, शाळेची भाषा त्याला चढवू नका. अर्थ कळला नाही तर तिथं प्रश्नचिन्ह ठेवा, मनानं भरू नका. वर तारीख, गाव, कुणाकडून ऐकलं आणि त्यानं ते कुणाकडून घेतलं, एवढं लिहा. एका बैठकीत एकच गाणं. जास्तीचा हव्यास धरलात तर म्हातारा कंटाळेल आणि पुढच्या वेळी झोपल्याचं सोंग घेईल.